प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना आत काय घडतं

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरचा वेग ठरवणारा मल्टिप्लायर ४५ चा ५० करायला दहा सेकंद पुरतात. सेव्ह करून बाहेर पडलं की संगणक सुरू होतो, विंडोज येतं आणि ४.५ च्या जागी ५.० गिगाहर्ट्झ दिसू लागतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काम झालं असंच समजलो होतो. पुढचे तीन आठवडे संगणक एकदाही अडकला नाही. मग एका संध्याकाळी फोटोंची एक मोठी झिप फाइल उघडेना. चेकसम, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे पडताळण्याचा आकडा, जुळत नव्हता. ती फाइल त्या तीन आठवड्यांतच, त्याच संगणकावर तयार केलेली होती. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर शिल्लक होते, म्हणून निभावलं. मल्टिप्लायर परत ४५ वर आणून तेच फोटो पुन्हा झिप केले, तर काहीच अडचण आली नाही.

ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणं, फसला की संगणक बंद पडतो किंवा ब्लू स्क्रीन येते, असं बहुतेकांना वाटतं. तसं झालं तर उलट बरं, कारण काहीतरी बिघडलंय हे निदान कळतं. खरी भीती चालू राहून चुकीची उत्तरं देणाऱ्या संगणकाची आहे. म्हणून वेग कसा वाढवायचा यापेक्षा वाढवलेला वेग खरा आहे हे कसं ओळखायचं, याला मी या लेखात जास्त जागा देणार आहे.

आधी घड्याळाबद्दल. विटा वाहून नेणाऱ्या माणसांची एक रांग डोळ्यांसमोर आणा. मुकादम ठरावीक अंतराने टाळी वाजवतो. प्रत्येकाने हातातली वीट पुढच्या टाळीच्या आत शेजाऱ्याच्या हातात द्यायची. टाळ्या संथ असतील तर सगळ्यांना उसंत मिळते. टाळ्या जलद झाल्या की काम भरभर होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. कधीतरी टाळी अशा क्षणी वाजते की रांगेतल्या सर्वांत मंद माणसाची वीट अजून हवेतच असते.

प्रोसेसरमध्ये हेच चालतं. क्लॉकचा प्रत्येक ठोका म्हणजे एक टाळी. दोन ठोक्यांच्या मध्ये विद्युत संकेताला ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून जाऊन पलीकडे शून्य किंवा एक म्हणून स्थिर व्हायचं असतं. ५ गिगाहर्ट्झला दोन ठोक्यांमधलं अंतर ०.२ नॅनोसेकंद असतं. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. चिपमध्ये अशा असंख्य साखळ्या असतात आणि त्यांतली सर्वांत लांब, सर्वांत मंद साखळी प्रोसेसरचा कमाल वेग ठरवते. ठोका लवकर पडला, तर पलीकडचं सर्किट अर्धवट पोचलेला संकेत वाचतं आणि एकाच्या जागी शून्य नोंदवतं. त्या क्षणी कुठलीही घंटा वाजत नाही. तो चुकलेला बिट मेमरीतल्या एखाद्या पत्त्याचा भाग असेल तर प्रोग्रॅम कोसळतो. फोटोतल्या एखाद्या रंगाचा किंवा हिशेबातल्या एखाद्या आकड्याचा भाग असेल, तर तो चुकीचाच पुढे जातो आणि डिस्कवर लिहिला जातो.

हा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. मूळ क्लॉक, म्हणजे बेस क्लॉक, आजच्या डेस्कटॉपवर साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो. त्याला ४५ ने गुणलं की ४५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. वेग वाढवताना मल्टिप्लायरलाच हात लावावा. बेस क्लॉकवर सहसा पीसीआय एक्सप्रेससारखे (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडणारा मार्ग) इतर भागही चालतात, तो थोडासा हलवला तरी ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी कुरकुरू लागतं.

मग मंद साखळीला घाई कशी करायला लावायची? व्होल्टेज वाढवून. जास्त व्होल्टेज मिळालं की ट्रान्झिस्टर अधिक जोमाने, अधिक लवकर चालू-बंद होतो. रांगेतल्या माणसांच्या अंगात जास्त बळ आलं असं समजा. म्हणून वेग आणि व्होल्टेज ही जोडगोळी आहे. दर वेगाला स्थिर चालण्यासाठी किमान इतकं व्होल्टेज लागतंच, आणि वेग जसा वर जातो तसं हे किमान व्होल्टेज सुरुवातीला हळूहळू व नंतर झपाट्याने वाढतं. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी द्यावं लागणारं व्होल्टेज आधीच्या ३०० मेगाहर्ट्झइतकं असू शकतं.

जास्तीचा वेग येतो कुठून

कंपनीने ४.५ गिगाहर्ट्झ लिहिलेली चिप ५ ला चालूच कशी शकते, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे राखीव वाव. एकाच वेफरवरून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवरून, कापलेल्या चिप्स एकसारख्या नसतात. कुणाला कमी व्होल्टेज पुरतं, कुणाला जास्त लागतं. कंपनी त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावते, आणि मग त्या प्रतीतली सर्वांत कमकुवत चिप, संगणकाच्या सर्वांत तापलेल्या डब्यात, काही वर्षांच्या झिजेनंतरही चुकणार नाही असा वेग ठरवते. तुमची चिप त्या सर्वांत कमकुवत चिपपेक्षा बरी असेल आणि तुमचा कूलर चांगला असेल, तर मधला वाव तुम्हाला वापरता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा वाव खर्च करणं. तो खर्च केला की झिजेसाठी, उन्हाळ्यासाठी, धूळ साचलेल्या पंख्यासाठी ठेवलेली शिल्लक त्या प्रमाणात कमी होते, हे डोक्यात पक्कं ठेवलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

एके काळी हा वाव अफाट होता. १९९८ मधला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे त्याचं गाजलेलं उदाहरण. ६६ मेगाहर्ट्झच्या बसला, म्हणजे तेव्हाच्या बेस क्लॉकला, ४.५ ने गुणून तो ३०० मेगाहर्ट्झला चालायचा. बस १०० वर नेली की थेट ४५०, म्हणजे दीडपट वेग, आणि बऱ्याच चिप्स तो सहज पेलायच्या. २००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि ॲथलॉन चिप्सवर लोक साध्या शिसपेन्सिलीने रेघा ओढायचे. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं, त्यामुळे चिपच्या पाठीवरचे तोडलेले दुवे जोडले जायचे आणि कुलूपबंद मल्टिप्लायर मोकळा व्हायचा.

२०११ च्या जानेवारीत आलेल्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने बेस क्लॉक बाकीच्या भागांशी जखडून टाकला आणि मोकळा मल्टिप्लायर नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरांपुरता ठेवला. त्याला मदरबोर्डही झेड मालिकेच्या चिपसेटचा लागतो. एएमडीच्या डेस्कटॉप रायझनमध्ये मल्टिप्लायर जवळपास सगळीकडे मोकळा आहे, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा. काही अपवाद आहेत. रायझन ७ ५८००एक्स३डी वर चिपच्या डोक्यावर कॅशेचा (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचा) आणखी एक थर बसवलेला असल्याने त्याचा मल्टिप्लायर बंद ठेवला होता. खरेदीआधी एवढं तपासून घ्या.

आज मात्र तो जुना वाव फारसा उरलेला नाही. टर्बो बूस्ट नावाची सोय चिपचं तापमान, वॅट आणि किती कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामात आहेत हे सतत पाहत राहते आणि जमेल तेवढा वेग स्वतःच वाढवते. पूर्वी आपण हाताने काढायचो ती मलई आता कंपनीच काढून देते. त्यामुळे हाताने सगळे कोअर एकाच वेगावर अडकवून ठेवले, तर सगळे कोअर लागणाऱ्या कामात काही टक्के मिळतात, पण एक-दोन कोअरच्या कामात उलट नुकसान होऊ शकतं, कारण टर्बो एकट्या कोअरला त्याहून वर नेत होता. खेळांमध्ये तर अडथळा बहुधा ग्राफिक्स कार्डाचा असतो, तिथे प्रोसेसरचे दहा टक्के वाढूनही पडद्यावर फरक जाणवत नाही.

उष्णतेचं गणित

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळा पेच इथे आहे.

ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या उदाहरणात ४.५ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्ट लागतात आणि ५.० ला १.३५ लागतात असं धरू. वेग ११ टक्क्यांनी वाढला. व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनी वाढलं, पण त्याचा वर्ग करायचा म्हणजे १.२७ पट. दोन्ही गुणले की १.४१ पट. अकरा टक्के वेगासाठी एकेचाळीस टक्के जास्त उष्णता. आधी प्रोसेसर पूर्ण भारावर १५० वॅट घेत असेल, तर आता २११ घेईल.

याच्या जोडीला गळती असते. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि व्होल्टेज किंवा तापमान वाढलं की ही झिरप वाढते. म्हणजे चिप तापली की गळती वाढते आणि वाढलेल्या गळतीने चिप आणखी तापते. चांगला कूलर हे चक्र एका तापमानाला थांबवतो. शिवाय तापलेल्या चिपमध्ये तारांचा विरोध वाढतो, ट्रान्झिस्टर मंदावतात, त्यामुळे ६५ अंशांना बिनचूक चालणारा वेग ९० अंशांना चुकू लागतो. थंडावा वाढवला की त्याच व्होल्टेजला थोडा जास्त वेग पेलतो तो याच कारणाने. विक्रम करणारे टोकाला जातात. २०२३ मध्ये इंटेलचा कोअर आय९-१४९००केएफ ९ गिगाहर्ट्झच्या थोडा वर नेला गेला तेव्हा चिपवर उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम ओतलं जात होतं. रोजच्या वापराशी त्याचा संबंध नाही, पण थंडावा आणि वेग यांचं नातं त्यातून स्पष्ट दिसतं.

उष्णता चिपमधून बाहेर कशी पडते तेही पाहू. सिलिकॉनच्या छोट्याशा तुकड्यातून ती सोल्डरच्या किंवा पेस्टच्या थरात, तिथून प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात, मग थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळाला, तिथून हीटपाइप किंवा पाण्यावाटे पंखांच्या पत्र्यांना आणि शेवटी हवेत जाते. यातला प्रत्येक टप्पा थोडी अडवणूक करतो. सर्वांत जास्त अडवणूक करणारा टप्पा सुधारल्याशिवाय बाकी कुठेही पैसे घालून उपयोग नसतो. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने आपल्या मुख्य डेस्कटॉप प्रोसेसरांच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट भरायला सुरुवात केली, तेव्हा महागडे कूलर लावूनही चिप तापत राहायची, कारण उष्णता झाकणापर्यंतच नीट पोचत नव्हती. लोक धोका पत्करून झाकणं उचकटायचे आणि पेस्ट बदलायचे. २०१८ मध्ये कोअर आय९-९९००के आला तेव्हा सोल्डर परत आलं.

आता एक मोजमाप. तुमच्या कूलरसकट सगळ्या मार्गाची अडवणूक दर वॅटला ०.३ अंश आहे असं समजा. १५० वॅटला चिप खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापेल, २११ वॅटला ६३ अंश. खोली २५ अंश असेल तर अनुक्रमे ७० आणि ८८. हवेचा कूलर असो की पाण्याचा, चिप खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, मोजणी नेहमी खोलीपासूनच सुरू होते. पाण्याच्या कूलरबाबत एक गोष्ट अनेकांना चकवते. पाणी तापायला वेळ घेतं. पाच मिनिटांच्या चाचणीत तापमान छान दिसतं आणि अर्ध्या तासाने दहा अंश वर गेलेलं असतं. चाचणी निदान अर्धा तास चालू द्या आणि त्यानंतरचाच आकडा धरा.

प्रोसेसरला स्वतःची मर्यादा माहीत असते. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ती १०० अंश आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांत ९५. तिथे पोचला की तो स्वतःच वेग खाली आणतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही आटोक्यात आलं नाही तर संगणक बंद करतो. त्यामुळे आजकाल उष्णतेने चिप जळून जाण्याची भीती फारशी नाही. रायझन ७००० तर पूर्ण भारावर ९५ गाठण्यासाठीच बनवलेले आहेत, तो आकडा पाहून घाबरू नका. पण हाताने ओव्हरक्लॉक करताना मी भरपूर भारावर ८५ च्या पुढे जाऊ देत नाही. थ्रॉटलिंग सुरू झालेला ओव्हरक्लॉक म्हणजे वीज वाया घालवणं आहे.

प्रत्यक्ष हात घालताना

आधी सगळ्या महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. माझी झिप फाइल आठवा.

मग काहीही न बदलता मोजा. सिनेबेंच हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवून गुण लिहून ठेवा, एचडब्ल्यूइन्फो हा चिपचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उघडून पूर्ण भारावरचं तापमान, व्होल्टेज आणि वॅट टिपा. याच वेळी तापमान ९० च्या घरात असेल तर ओव्हरक्लॉकिंग विसरा आणि आधी कूलरकडे बघा. तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून गेलेली, स्क्रू एका बाजूने सैल राहिलेले, पेस्ट सुकलेली, डब्यातून हवा बाहेर जायला वाटच नसलेली, अशी कारणं मी वारंवार पाहिली आहेत. मेमरीचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल सध्या बंद ठेवा. ती प्रोफाइलही ओव्हरक्लॉकच आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. दोन्ही एकदम चालू केली आणि संगणक अडखळला तर दोष कोणाचा ते कळणार नाही.

त्यानंतर व्होल्टेज हाताने ठरवून द्या. ‘ऑटो’वर ठेवून मल्टिप्लायर वाढवला तर मदरबोर्ड बहुतेक वेळा गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतो, कारण बोर्डाला तुमची चिप कशी आहे ते माहीत नसतं, तो सर्वांत वाईट चिप धरून चालतो. मोजताना पूर्ण भारावर जे व्होल्टेज दिसलं तिथून सुरुवात करून मल्टिप्लायर एकेक पायरी चढवा. दर पायरीला दहा मिनिटांची चाचणी पुरे. अडखळला की व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवून पुन्हा बघा. एक वेळ अशी येते की एका पायरीसाठी तापमान उडी मारतं. तिथे थांबा आणि एक पायरी खाली या. माझ्या मते ही माघारीची पायरी या सगळ्या प्रकारातली सर्वांत मोलाची आहे.

लोड लाइन कॅलिब्रेशन नावाची एक सेटिंग नवख्यांना गोंधळात टाकते. प्रोसेसरवर एकदम भार आला की त्याला मिळणारं व्होल्टेज थोडं खाली घसरतं. ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते, कारण भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं आणि त्या उसळीला जागा लागते. ही सेटिंग घसरण कमी करते. सर्वांत कडक पातळीवर ठेवली तर घसरण दिसेनाशी होते, पण उसळी मोठी होते, आणि ती इतक्या कमी वेळात येऊन जाते की सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधली पातळी निवडा आणि थोडी घसरण चालवून घ्या.

बोर्डावर प्रोसेसरच्या आजूबाजूला व्होल्टेज देणारं सर्किट असतं, त्याला व्हीआरएम म्हणतात. २०० वॅटच्या पुढे गेल्यावर तेही सणसणीत तापतं. त्यावर धातूची जाड पट्टी आणि थोडीफार हवा हवी. पाण्याचा कूलर लावला की पूर्वी प्रोसेसरवरच्या पंख्याची जी हवा त्याला लागत होती ती बंद होते, हे ध्यानात ठेवा.

संगणक सुरूच झाला नाही तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक बोर्ड दोन-तीन अपयशांनंतर मूळ सेटिंगवर परततात. तसं झालं नाही तर वीज बंद करून क्लिअर सीमॉसचं बटण किंवा जंपर वापरा, किंवा बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा.

स्थिर आहे म्हणजे काय

अमुक तास चाचणी चालली म्हणजे संगणक स्थिर, असं सर्रास म्हटलं जातं. चाचणी एवढंच सांगते की त्या कामात, त्या तापमानाला, तेवढ्या वेळात चूक सापडली नाही. प्रत्येक चाचणी चिपच्या वेगवेगळ्या भागावर ताण देते, म्हणून त्या मिसळून वापरायच्या असतात.

प्राइम९५ अजूनही माझ्या विश्वासाचं आहे, आणि त्याचं कारण त्याच्या पोटातल्या गणितात आहे. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी ते लाखो अंकी पूर्णांकांचे गुणाकार करतं, पण वेगासाठी ते दशांश अपूर्णांकांतून करतं. उत्तर पुन्हा पूर्णांकच यायला हवं, म्हणून आलेला आकडा जवळच्या पूर्णांकापासून किती दूर आहे हे ते सतत तपासतं. हे अंतर ०.५ निघालं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, अशा अर्थाचा संदेश देऊन एखादा कोअर थांबला, तर त्या कोअरने कुठेतरी बिट चुकवला. संगणक मात्र तेव्हा व्यवस्थित चालू असतो, माउस हलत असतो, गाणी वाजत असतात. माझी बिघडलेली झिप फाइल अशाच एखाद्या क्षणात जन्माला आली होती.

प्राइम९५ मधली ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी कोअर भाजून काढते, ‘ब्लेंड’ मेमरीलाही कामाला लावते. ओसीसीटी आणि वाय-क्रंचर वेगळ्या पद्धतीने ताण देतात, शेवटचं साधन मेमरीतल्या चुका लवकर पकडतं. एव्हीएक्स सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या) वापरणाऱ्या चाचण्या सर्वांत जास्त उष्णता काढतात. तुमच्या रोजच्या कामात तसा भार येत नसेल तर बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट देऊन तेवढ्या कामापुरता मल्टिप्लायर खाली आणता येतो.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टम नोंदींत ‘व्हीया लॉगर’ या नावाने काही आलंय का ते दर आठवड्याला बघा. प्रोसेसरच्या कॅशेला छोट्या चुका दुरुस्त करण्याची सोय असते. दुरुस्त झालेली चूक १९ क्रमांकाने नोंदली जाते आणि वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मूळ सेटिंगवर अशा नोंदी बहुधा नसतात. ओव्हरक्लॉकनंतर एक जरी दिसली, तरी मी तो स्थिर मानत नाही. व्होल्टेज एक पायरी वर किंवा वेग एक पायरी खाली.

काही संगणक तासन्‌तास भार पेलतात आणि रिकामे असताना कोसळतात. बूस्ट चालू ठेवून व्होल्टेज कमी केलेलं असतं तिथे हे जास्त दिसतं. हलक्या कामात एकटाच कोअर सर्वांत वरच्या वेगाला झेप घेतो आणि नेमकं तिथेच त्याला व्होल्टेज अपुरं पडतं. सगळे कोअर भारावर असताना तो त्या वेगाला जातच नाही, म्हणून चाचणीत पकडला जात नाही. कोअरसायकलर नावाची स्क्रिप्ट एकेका कोअरवर आलटून पालटून चाचणी चालवते, ती रात्रभर लावून ठेवावी. हे सगळं झाल्यावर मेमरीची प्रोफाइल चालू करा आणि यूएसबीवरून मेमटेस्ट८६+ च्या निदान दोन-तीन फेऱ्या होऊ द्या.

आणि सिनेबेंच पुन्हा चालवायला विसरू नका. नव्या चिप्समध्ये व्होल्टेज अपुरं पडलं की काही वेळा कोअर ठोका लांबवतात, म्हणजे दिसायला ५ गिगाहर्ट्झ, काम मात्र कमी वेगाचं. एचडब्ल्यूइन्फोतला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ हा आकडा ते उघड करतो. गुण आधीइतकेच किंवा कमी आले तर वाढलेला वेग फक्त पडद्यावर आहे.

झीज, आणि उलटी वाट

जास्त व्होल्टेजचा परिणाम लगेच दिसत नाही. चिपमधल्या तारा इतक्या बारीक असतात की जोराचा प्रवाह आणि उष्णता यांनी धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. ट्रान्झिस्टरही व्होल्टेजच्या माऱ्याखाली मंदावत जातात. मग दोन वर्षं बिनचूक चाललेल्या त्याच वेगाला जास्त व्होल्टेज लागू लागतं.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत हे मोठ्या प्रमाणावर घडलं, तेही ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांच्या संगणकांत. चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि कोअरमधलं क्लॉक पोचवणारं सर्किट त्याने झिजत होतं. आपल्या रांगेच्या भाषेत, टाळी वाजवणाराच डगमगू लागला. अनेक खेळ ग्राफिक्स मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन बंद पडत, मेमरी भरपूर असूनही, आणि लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, देऊन व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेल्या चिपला मायक्रोकोड बरं करू शकत नाही. त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय दुसरं काहीही करू नका.

हे सगळं पाहिल्यावर मी आता वेगळ्या वाटेने जातो. वेग तसाच ठेवायचा आणि व्होल्टेज कमी करायचं. व्होल्टेजचा वर्ग इथे आपल्या बाजूने काम करतो. १.२५ चे १.१५ व्होल्ट केले तर त्याच वेगाला उष्णता सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि बूस्ट तापमान पाहून चालत असल्याने मोकळी झालेली जागा तो स्वतः वेगात बदलतो. रायझनमध्ये याला कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणतात. त्यात उणे १० म्हणजे दर पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टप्रमाणे तेवढी कपात. सगळ्या कोअरना एकदम उणे ३० देण्याचा मोह टाळा. बूस्टसाठी निवडलेले सर्वांत चांगले कोअर आधीच काठावर चालत असतात, त्यांना उणे ५ पुरतं, बाकीचे जास्त सोसतात. मात्र व्होल्टेज कमी करणं हाही वाव खर्च करण्याचाच प्रकार आहे. चिपची झीज वाढत नाही, पण चुकीचं उत्तर तितकंच शक्य आहे, म्हणून वरच्या सगळ्या चाचण्या इथेही लागतात.

शेवटी ऋतूंबद्दल. मघाच्या हिशेबात २५ अंशांच्या खोलीत २११ वॅटला चिप ८८ अंशांवर होती. खोली ३५ अंशांना गेली की तीच चिप ९८ वर जाईल, आणि गळती वाढल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडी वरच. हिवाळ्यात रात्रभर चाचणी पार केलेली सेटिंग मे महिन्यातल्या दुपारी चुकते ती यामुळे. म्हणून बायोसमध्ये मी दोन प्रोफाइल साठवून ठेवतो. उन्हाळा लागला की मल्टिप्लायर दोन पायऱ्या खालची प्रोफाइल लावायची, पंख्यांची धूळ काढायची आणि प्राइम९५ भर दुपारी तासभर चालवून बघायचं. बायोस अद्ययावत केलं तर सेटिंग्ज बहुधा पुसल्या जातात, म्हणून त्या प्रोफाइलमधले सगळे आकडे कागदावर लिहून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत, तारखेसकट.